खिडकीतला दलाल

इंग्लंड,
१२ सप्टेंबर १९९८

प्रिय आत्याआजी,

वाकून नमस्कार. तुझं पत्र आणि सुकवलेल्या संत्र्याच्या सालींची पुडी मिळाली. पुडी वाटेत कुणीतरी उघडून हुंगलेली दिसते, कारण वरची चिकटपट्टी तुझी नव्हती. सोक-हिंगआजीचा खोकला कसा आहे? तिला म्हणावं, साली मला पाठवण्यापेक्षा तूच उकळून पी.

मी इथे नेमकं काय करते, असं तू विचारलंस. संग्रहालयात जुने खोके उघडते, आतल्या वस्तूंना नंबर घालते आणि खोके पुन्हा बंद करते. बाबा शेजाऱ्यापाजाऱ्यांना मुलगी मोठी संशोधक आहे म्हणून सांगतात, त्यांना सांगू दे. सध्या मिस प्रिडमोर नावाच्या मिशनरी बाईंचं सामान हाताखाली आहे. ही बाई आपल्या भागात एकवीस वर्षं राहिली आणि मरताना सगळं या संग्रहालयाला देऊन गेली. त्यात पंखे आहेत, प्रार्थनेची पुस्तकं आहेत, अख्खा मेलेला पक्षी शिवलेली एक कसर लागलेली टोपी आहे आणि पेटीभर फोटो आहेत.

आमच्या मुख्य बाई, मिसेस थॉर्नली, येत्या आठ मार्चला, म्हणजे महिला दिनाला, चिनी बायकांवर प्रदर्शन भरवणार आहेत. बाई मनानं फार चांगल्या आहेत. पण परवा त्यांनी मला अगदी हळू आवाजात विचारलं, "तुझ्या आजीचे पाय लहान राहावेत म्हणून बांधलेले होते का गं?" मी नाही म्हटलं, तर त्या जरा हिरमुसल्यासारख्या वाटल्या.

आता मुद्द्याचं. एका फोटोच्या मागे आपल्या सांगयुन गावाचं नाव आहे! प्रत सोबत पाठवते आहे. एक मुलगी स्टुलावर बसली आहे, म्हातारी बाई तिचे केस विंचरते आहे, बाजूला मेणबत्त्या पेटल्या आहेत. मुलीचा चेहरा पिळवटलेला आहे आणि गालांवर पाणी आहे. मागच्या खिडकीत काहीतरी पांढुरकं, पुसट दिसतं. मिस प्रिडमोरनी मागे लिहिलंय : "विकलेली वधू, सांगयुन, १९३६. मुलगी रडते आहे. खिडकीत दलाल तिला न्यायला थांबला आहे."

मिसेस थॉर्नलींना हाच फोटो प्रदर्शनाच्या दाराशी लावायचा आहे. नवरीचे केस विंचरतात ते मी धाकट्या काकूच्या लग्नात पाहिलंय, त्यामुळे मलाही ते पटलं. फक्त हिच्या अंगावर लाल कपडे का नाहीत, ते कळलं नाही. तुमच्या वेळी मुली अशा विकत असत का? तुला हिला ओळखता येतंय का?

तुझी,
लोक-यी


सांगयुन,
३ ऑक्टोबर १९९८

लोक-यी,

फोटो आला. आधी चष्मा सापडेना, मग सापडला तर तो सोक-हिंगच्या नाकावर. आम्ही दोघींनी आळीपाळीनं पाहिला.

ती मुलगी मी आहे.

आता पाणी पी आणि पुढचं वाच. माझं अठरावं वर्ष होतं. मला कुणी विकलं नव्हतं आणि मला विकत घ्यायला यायची कुणाची छातीही नव्हती. नवरीचे केस विंचरायला नवरा आणि मुलं असलेली बाई लागते. माझे केस विंचरणारी ती चांग आत्या, तिनं जन्मात लग्न केलं नाही. मीही करणार नव्हते, म्हणून तर तिला बोलावलं होतं. लग्न न करताच केस बांधून घ्यायचे, क्वान-यिन देवीपुढे उभं राहून सांगायचं की मी कुणाच्या घरात नांदायला जाणार नाही. वेणी सुटली, अंबाडा आला, विषय संपला. त्यानंतर कुणी स्थळ घेऊन दाराशी आलं की आई झाडू घेऊन बाहेर. आपल्या गावात माझ्यासारख्या चाळीस-पन्नास होत्या, सोक-हिंगही त्यांतलीच. आज मी जिथे बसून लिहिते आहे ते केस बांधलेल्या बहिणींचं घर आम्हीच बांधलंय. तू लहानपणी सुट्टीत इथे येऊन आमच्या अंगणातल्या लिची खात होतीस, तेव्हा तुला काय वाटलं, एवढ्या म्हाताऱ्या एका घरात कशाला राहतात? तुला एवढं शिकवलं, आणि इंग्लंडात बसून तू मलाच विचारतेस मुली विकायचे का म्हणून! तुझ्या बापाला सांगते थांब.

विकायचे. काही घरांत दुष्काळात विकायचे, ते खोटं नाही. पण मला नाही विकलं.

पायांचं म्हणशील तर तुझ्या बाईंना कळव की माझे पाय एवढे मोठे होते, पुढे सिंगापुरात कामाला होते तेव्हा मला पुरुषांच्या चपला घ्याव्या लागायच्या. पाय बांधून रेशमाच्या गिरणीत दहा तास उभं कोण राहील? उकळत्या पाण्यातून कोशांचं सूत काढायचं काम आहे ते, गादीवर बसून होत नाही.

आणि डोळ्यांतलं पाणी. कंगव्याला केस अडकत होते. एवढंच आहे.

खिडकीतल्या दलालाचं सोक-हिंगला वाचून दाखवलं. ती इतकी हसली की खोकल्याची उबळ आली आणि मला पाठ चोळत बसावं लागलं. त्या दलालाबद्दल मला काहीही बोलायचं नाही.

माझं एकच म्हणणं आहे. माझ्या चेहऱ्याखाली खोटं लिहून भिंतीवर टांगू नका. लोक येतील, चुकचुकतील आणि घरी जाऊन जेवतील. मी अजून जिवंत आहे.

परवा मध्य-शरदाचा सण आहे. कमळबियांचे केक आणलेत, तुझ्या वाटचा मीच खाईन.

आत्याआजी


इंग्लंड,
२२ ऑक्टोबर १९९८

प्रिय आत्याआजी,

तुझं पत्र मी बसमध्ये उघडलं आणि माझा उतरायचा थांबा मागे गेला. ती तू आहेस! मी फोटो पुन्हा पाहिला तर कान तुझेच आहेत, माझेही तसेच आहेत. इतके दिवस मी तुला नंबर घालून खोक्यात ठेवत होते.

मी सगळं भाषांतर करून मिसेस थॉर्नलींना सांगितलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, रागावल्या. पण त्या म्हणाल्या, "म्हणजे ती बंडखोर होती!" त्यांनी लगेच सगळा बेत बदलला. आता फोटो दाराएवढा मोठा करणार आहेत. पाटी मीच लिहिली आहे, बघ कशी वाटते :

"नाही म्हणणारी मुलगी. पाच हजार वर्षांची परंपरा झुगारून औ-यंग यूत-सिम हिनं स्वतःचं आयुष्य स्वतः निवडलं. तिच्या डोळ्यांत स्वातंत्र्याचे अश्रू आहेत."

कंगव्याचं मात्र नाही घातलं. मिसेस थॉर्नली म्हणाल्या, ते कुणाला खरं वाटणार नाही. आत्याआजी, खरं सांग ना, तो आनंद होता ना? माझं इथलं वर्ष जूनमध्ये संपतंय आणि पुढे ठेवायचं की नाही ते या प्रदर्शनावर ठरेल. पण त्यासाठी विचारत नाही. मला तुझा फार अभिमान वाटतो. कालपासून भेटेल त्याला सांगते आहे.

आणखी एक, मिसेस थॉर्नलींनी कुठेतरी वाचलं की तुम्हाला माहेरच्या घरात मरायची परवानगी नसते. सोक-हिंगआजी एवढी आजारी आहे, तरी तिला तिच्या भाच्याकडे नाही नेता येणार? हे फार क्रूर वाटतं गं.

तुझी,
लोक-यी


सांगयुन,
१५ नोव्हेंबर १९९८

लोक-यी,

दाराएवढा! आमच्या घराचं दारसुद्धा एवढं मोठं नाही. मी अठराव्या वर्षी पुढचे दात किडलेली मुलगी होते, ते दात दाराएवढ्या फोटोत केवढे दिसतील याचा विचार केलात का?

तुझी पाटी वाचली. छान अक्षर आहे. पण ही बाई कोण, ते मला कळलं नाही. आधी तुम्ही मला बिचारी केलीत, एका महिन्यात देवी केलीत. मधे कुठे थांबायची सोयच नाही का तिकडे?

मी काहीही झुगारलं नाही. ही पाच हजार वर्षं तुम्ही मोजलीत कुठून? माझ्या आजीच्या आजीला केस बांधणं हा प्रकारच ठाऊक नव्हता. नदीकाठी रेशमाच्या गिरण्या आल्या, मुली स्वतः मिळवायला लागल्या, मग ही रीत आली. गिरण्या बंद पडल्या, तशी गेली. तुमच्याकडे रीती बदलतात आणि आमच्याकडे दगडात कोरलेल्या असतात, असं तुझ्या बाईंना वाटत असेल, तर त्यांना म्हणावं, आत्ता माझ्या खिडकीतून तुतीचं एक झाड दिसत नाही, फ्रिजचा कारखाना दिसतो.

माहेरी मरायची परवानगी नसते, हे खरं. केस बांधलेली बाई भावाच्या घरात मरत नाही. पण परवानगी कुणाकडे मागायला जाणार होतो आम्ही? म्हणून तर हे घर बांधलं. सोक-हिंगला भाच्याकडे न्यायचं म्हटलं तर ती मला काठीनं मारेल. ती तिच्या खाटेवर आहे, माझी खाट शेजारी आहे, आणि मी हलले की ती विचारते, "मुतायला चाललीस का?" भाच्याकडे तिला हे कोण विचारणार?

रागावले आहे असं समजू नकोस. माझीही एक गोष्ट सांगते. सिंगापुरात ज्या इंग्रज घरात मी मुलं सांभाळायचे, तिथल्या मडमेनं सात वर्षांच्या पोराला बोटीत बसवून शाळेसाठी विलायतेला पाठवलं. बंदरावर हात हलवला, घरी आली आणि चहा मागितला. आम्ही स्वयंपाकघरात बोललो, या लोकांना पोटच्या पोरांची माया नसते, थंडीनं आटून जाते. दोन महिने मी तिच्याशी धड बोलले नाही. मग एकदा बिछाना बदलताना तिच्या उशीच्या अभ्र्यात पोराचा सदरा सापडला. मळका होता. तिनं तो मला धुवायलाच टाकला नव्हता. मी तो होता तसा परत ठेवला आणि त्या दिवशी तिला चहाबरोबर आल्याचं दूध करून दिलं. तिला ते मुळीच आवडलं नाही.

तेव्हा मीही तुझ्या मिस प्रिडमोरचीच बहीण. फक्त मी मडमेचा फोटो काढून खाली "माया नसलेली बाई" असं लिहिलं नाही.

अश्रूंचं सोडून दे. नाव लिही, गाव लिही, केस बांधते आहे असं लिही. पुढे गप्प बस.

सोक-हिंगचं अन्न कमी झालंय. तिला तुझी पाटी वाचून दाखवली. म्हणाली, "ही यूत-सिम कोण? मला भेटायला आवडेल."

आत्याआजी


इंग्लंड,
९ डिसेंबर १९९८

प्रिय आत्याआजी,

काल बाबांशी फोनवर बोलले. मी तुझ्या फोटोबद्दल मोठ्या हौसेनं सांगत होते, तर त्यांनी मला मधेच थांबवलं. मग म्हणाले, "आत्यानं कारण सांगितलं नाही वाटतं तुला."

त्यांनी सांगितलं. आजोबांचं लग्न ठरलं होतं. मोठी बहीण बिनलग्नाची घरात असताना धाकट्या भावाचं लग्न होत नाही, तिला ओलांडून जाता येत नाही. तू केस बांधलेस, म्हणजे लग्न झाल्यासारखीच मोठी ठरलीस, आणि आजोबांची वाट मोकळी झाली. पुढच्याच वर्षी आजी घरात आली, मग बाबा झाले, मग मी झाले.

आणि मी लिहिलं "स्वातंत्र्याचे अश्रू". मला स्वतःची इतकी लाज वाटते आहे. तू कंगव्याचं सांगितलंस, तेव्हाच मला कळायला हवं होतं की तू काहीतरी झाकते आहेस. आजोबा मला खांद्यावर बसवून तळ्याकाठी न्यायचे, ते इतके चांगले होते, त्यांनी हे कसं होऊ दिलं? मिस प्रिडमोरची पाटी चुकीची होती, पण अगदीच चुकीची नव्हती, असं आता वाटतं. विकलं नाही, पण बाजूला तर सारलं ना?

मिसेस थॉर्नलींना मी सांगितलं की हा फोटो लावू नये. त्या म्हणाल्या, "तिची इच्छा असेल तर काढून टाकू, पण तिला विचार. आपण दोनदा तिच्याऐवजी बोललो आहोत." हे ऐकून मला बरं वाटलं. पाटीचा मजकूर दहा फेब्रुवारीपर्यंत छापायला द्यायचा आहे.

आत्याआजी, तू का रडत होतीस? तू सांगशील ते एक अक्षर न बदलता लिहीन. नाही सांगितलंस तर फोटो खोक्यात परत जाईल.

तुझी,
लोक-यी


इंग्लंड,
१५ जानेवारी १९९९

प्रिय आत्याआजी,

तुझं उत्तर नाही. मी काही भलतंच विचारलं का? बाबा म्हणतात, आत्या बरी आहे, पण फोनवर यायला तयार नाही. ते आणखी काही सांगत नाहीत. पाटीचं जाऊ दे. तू रागावली नाहीस एवढंच लिही.

लोक-यी


सांगयुन,
२५ जानेवारी १९९९

लोक-यी,

सोक-हिंग गेली. दक्षिणायन संपलं त्या सणाला आम्ही तांदळाचे गोळे केले होते, तिनं दोन खाल्ले, आणखी एक मागितला. चौथ्या दिवशी सकाळी मी हलले, पण तिनं काही विचारलं नाही. तुला कळवू नकोस, असं तुझ्या बापाला मीच सांगितलं होतं. मला ते आधी स्वतः लिहिता येतं का ते बघायचं होतं. तीनदा कागद घेतला आणि ठेवला.

मी रागावले नाही. तू लिहिलेलं तिला वाचून दाखवलं होतं, तुझ्या आजोबांचं, लाजेचं, सगळं. ती मग म्हणाली, "पोरगी उगाच रडून मरेल. आता सांग तिला. देवी रागवायची असती तर एव्हाना कळलं असतं."

तर ऐक. बासष्ट वर्षं आम्ही दोघींनी हे कुणाला सांगितलं नव्हतं.

मी रडत नव्हते. मी हसू दाबत होते.

तुझी ती मिस प्रिडमोर भल्या सकाळी तिपाईवरचा कॅमेरा घेऊन आली. तिच्या डोक्यावर टोपी होती आणि टोपीवर अख्खा पक्षी, डोळ्यांसकट. आम्ही असलं काही कधी पाहिलं नव्हतं. बाई काळ्या कापडात डोकं घालायची, बाहेर काढायची, की पक्षी डुगडुगायचा. अंगणातला हंस दारातून मान लांब करून त्या पक्ष्याकडे बघत उभा होता, बहुतेक ओळख काढत होता. बाई सारखी खुणेनं सांगत होती, हलू नका. मी जीभ दातांखाली धरली. तेवढ्यात समोरच्या आरशात मला मागची खिडकी दिसली. खिडकीत सोक-हिंग होती. तिनं डोक्यावर केरसुणी धरली होती, तोंडाची चोच केली होती आणि ती त्या पक्ष्यासारखी डुगडुगत होती.

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून आलं, पोटात कळ आली. चांग आत्यानं मला पाठीत चिमटा काढला. देवीसमोर हसलं की शपथ लागत नाही, असं ती म्हणायची. त्या भीतीनं आम्ही गप्प बसलो. सोक-हिंगनं आठ दिवसांनी केस बांधले, तेव्हा तिनं अगदी दगडासारखं तोंड केलं होतं. पुढे आयुष्यात काही वाकडं झालं की ती म्हणायची, "तुझीच शपथ लागली नाही, त्याची फळं आहेत."

तेव्हा तुमच्या खिडकीतला दलाल म्हणजे सोक-हिंग. ती हलत होती म्हणून पुसट आली. भिंग घेऊन बघ, केरसुणी दिसेल. तिनं जन्मभर फोटो काढू दिला नाही, ओळखपत्रावरचा एक सोडला तर, आणि त्यात ती चोर दिसते. तिचा खरा फोटो एवढाच आहे.

आता तुझ्या आजोबांचं. तुझा बाप सांगतो ते खरं आहे. त्याचं लग्न ठरलं होतं आणि माझ्यामुळे अडलं होतं. पण मला सारलं वगैरे कुणी नाही. मी आणि सोक-हिंगनं चौदाव्या वर्षी गिरणीच्या वाटेवर ठरवलं होतं की केस बांधायचे आणि एकत्र राहायचं. मग घरातून तो विषय निघाला, तेव्हा मी म्हटलं, हे बरंच झालं, आता कुणी नाही म्हणणार नाही. माझा भाऊ दोन दिवस माझ्यासमोर आला नाही. तिसऱ्या दिवशी तळ्यातला सगळ्यांत मोठा मासा माझ्यासाठी घेऊन आला आणि बोलता येईना म्हणून माशाचीच तारीफ करत उभा राहिला. त्याला काही बोलू नकोस. मी माझ्या मनानं केलं, आणि त्याच्यासाठीही केलं. दोन्ही खरं आहे आणि मला त्याचा कधी त्रास झाला नाही, तुम्हाला का होतो?

आणि रडण्याचं विचारलंस, तर तेही सांगते. रडले मी. पण त्या सकाळी नाही.

संध्याकाळी अंबाडा घालून घरी गेले. आई कशी होती तुला माहीत नाही. ती मला नावानं कधी हाक मारायची नाही, "ए घोडे" म्हणायची. जेवणाचा वाडगा एका हातानं समोर आदळायची, वर म्हणायची, "गीळ, आणि पळ गिरणीत." त्या संध्याकाळी तिनं मला वडिलांच्या शेजारी बसवलं. सगळ्यांच्या आधी मला वाढलं. माशाची पेज होती. आणि तिनं तो वाडगा दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला, पाहुण्याला देतात तसा. केस बांधलेली मुलगी म्हणजे मोठं माणूस, तिला तसाच द्यायचा असतो, तिचं काही चुकलं नव्हतं. पण मी तो वाडगा हातात घेतला आणि मला कळलं की आता ही मला पुन्हा कधी "ए घोडे" म्हणणार नाही. खरंच नाही म्हणाली. मी पेजेत रडले. सगळ्यांना वाटलं, काटा लागला.

त्या वेळी तिथे कॅमेरा नव्हता.

हे संध्याकाळचं पाटीवर घालू नकोस. ते तुझ्यासाठी आहे. सकाळचं घाल. सोक-हिंगचं नाव माझ्या शेजारी घाल, त्याच आकारात.

देवळातल्या देवीपुढे काल मी सगळं कबूल करून आले. काही झालं नाही. गुडघे दुखले तेवढेच.

आत्याआजी


इंग्लंड,
९ मार्च १९९९

प्रिय आत्याआजी,

सोक-हिंगआजीचं वाचलं आणि मी संग्रहालयाच्या तळघरात खोक्यांमध्ये बसून राहिले. मिसेस थॉर्नली मला शोधत आल्या. मी त्यांना पत्र वाचून दाखवलं, संध्याकाळचं सोडून. त्या तशाच वर गेल्या आणि भिंग घेऊन आल्या. म्हणाल्या, "अकरा वर्षं हा फोटो माझ्याकडे आहे." मग त्यांनी खिडकीवर भिंग धरलं, आणि केरसुणी दिसली! चोचही दिसली. आम्ही दोघी तळघरात इतक्या हसलो की पहारेकरी बघायला आला.

मग मला आठवलं. टोपी आमच्याकडेच होती! मी सप्टेंबरात तिला नंबर घातला होता. पक्ष्याचा एक डोळा गेलाय, पण पक्षी अजून डुगडुगतो.

काल प्रदर्शन उघडलं. तुझा फोटो दाराएवढा नाही, खिडकीएवढा केलाय. शेजारी काचेत ती टोपी ठेवली आहे. मिस प्रिडमोरची जुनी पाटी आणि तुला देवी करणारी माझी पाटी, दोन्ही खाली छोट्या अक्षरांत तशाच लावल्या आहेत, हे मिसेस थॉर्नलींनी सुचवलं. आणि वर तुझी :

"औ-यंग यूत-सिम, वय अठरा, आणि खिडकीत फोक सोक-हिंग, वय अठरा. सांगयुन गाव. यूत-सिम लग्न न करण्याची शपथ घेण्यासाठी केस बांधून घेते आहे. ती रडत नाही. तिनं समोर जे पाहिलं, ते उजवीकडच्या काचेत ठेवलं आहे."

लोक आधी फोटोपुढे येतात, चेहरा पाडतात. मग पाटी वाचतात, उजवीकडे वळतात आणि फस्सकन हसतात. मग परत फोटोकडे जातात आणि जवळून बघतात. मी दिवसभर कोपऱ्यात उभी राहून हेच बघत होते. एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, यांच्यापैकी कुणी हयात आहे का? मी म्हटलं, आहे, आणि तिला तिच्या दातांची काळजी आहे.

जूननंतर मला ठेवणार आहेत. पण त्याआधी मी रजा काढली आहे. चिंग-मिंगला, पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई करतात त्या दिवशी, मी तिकडे असेन. सोक-हिंगआजीसाठी फोटोची मोठी प्रत आणते आहे. आणि तुला काय हवं ते कळव.

तुझी,
लोक-यी


सांगयुन,
२१ मार्च १९९९

लोक-यी,

ये. सोक-हिंगच्या थडग्यावर गवत वाढलंय, माझी कंबर वाकत नाही, तू काढ. तिची खाट रिकामी आहे, तिच्यावर झोप. मी हलले तर विचारत जा.

मला इथे काही कमी नाही. तुझा बाप दर रविवारी येतो आणि सगळे मला फार मान देतात. चहाचा कप दोन्ही हातांनी, वाडगा दोन्ही हातांनी. सोक-हिंग होती तोवर एक माणूस तरी एका हातानं, दुसरीकडे बघत, समोर आदळायचं. डिसेंबरपासून तेही नाही.

मासा मी निवडून ठेवीन. पेज तू कर. आणि मला वाढशील तेव्हा वाडगा एका हातानं दे.

आत्याआजी